३१ जानेवारीची घाई नक्की कोणाला आहे?

"सर, मुलगी लातूरला बारावी सायन्सला आहे. दहावीला ९४ टक्के. पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाने ऑनलाइन परीक्षा घेऊन कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला 'अर्ली अ‍ॅडमिशन' आणि ४० टक्के मेरिट स्कॉलरशिप दिली आहे. ३१ जानेवारीपर्यंत ५० हजार भरले नाहीत तर स्कॉलरशिप जाईल, असा रोज फोन येतो. माझे कृषी सेवा केंद्र आहे, वर्षाचे उत्पन्न साडेसहा लाखांच्या आत. आम्ही ओबीसी. पैसे भरावेत का? – एक पालक, बार्शी" (दोन पानी पत्रातला थोडा भाग)

नमस्कार.

पत्रासोबत ऑफर लेटरच्या चारही पानांचे फोटो पाठवलेत, हे फार बरं केलंत. एरवी पालक मला फक्त टक्केवारी सांगतात आणि कागद घरी कपाटात असतो. तुमच्या बाबतीत सगळी गंमत तिसऱ्या पानावर आहे.

तुम्ही हिशोब असा मांडलाय: ट्यूशन फी ३,६०,०००, त्यातून ४० टक्के वजा, उरले २,१६,०००, गुणिले चार, म्हणजे ८,६४,०००. दुकानदाराचा हिशोब आहे, चुकलेला नाही. पण तिसऱ्या पानावर दोन ओळी आहेत. एक, फी दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. दुसरी, स्कॉलरशिपची रक्कम पहिल्या वर्षाच्या फीवर 'निश्चित' राहील. म्हणजे तुम्हाला ४० टक्के मिळालेले नाहीत, १,४४,००० रुपये मिळालेत. फी वाढत जाईल, सूट तिथेच राहील. पूर्ण ८ टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षी फी होते साधारण ४,५३,५००, आणि तुम्ही भरता ३,०९,५००. चार वर्षांची बेरीज १०,४६,२००. हॉस्टेल-मेस वेगळं.

त्याच पानावर खाली बारीक अक्षरात: दरवर्षी ८ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक), एकही बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय नाही, तरच स्कॉलरशिप पुढे चालू. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित भल्याभल्यांना दमवतं. माझ्याकडचा एक विद्यार्थी, बारावीला ९१ टक्के, अशाच एका ठिकाणी गेला. पहिल्या वर्षी डेंग्यूने तीन आठवडे अंथरुणाला खिळला, एक विषय राहिला, पुढच्या वर्षी पूर्ण फीचं चलन हातात. वडिलांनी विनंती अर्ज केले, पण नियम आधी सही करून मान्य केलेला होता. तुमच्या मुलीचं पहिल्या वर्षानंतर असं झालं, तर १०,४६,२०० चे होतात १४,७८,२००. घरात चर्चा करताना हे दोन्ही आकडे समोर ठेवा.

आता मूळ मुद्दा. तो तुमच्या पत्रात शेवटून दुसऱ्या वाक्यात, अगदी जाता जाता आलाय: "आम्ही ओबीसी."

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. त्याआधी ही सवलत ५० टक्के होती. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजांनाही ती लागू आहे. अट एकच, पण पक्की: प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था स्तरावरचा प्रवेश यात बसत नाही. आणि खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारी खाजगी विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत.

म्हणजे ज्या दिवशी तुम्ही त्या विद्यापीठात प्रवेश पक्का कराल, त्या दिवशी १०० टक्के माफीचा हक्क सोडून ४० टक्के सूट घ्याल. फोनवरच्या त्या मुलाने हे सांगितलं नसेल. त्याच्या कार्डावरही 'काउन्सेलर' (सल्लागार) लिहिलेलं असतं आणि माझ्याही. फरक एवढाच की त्याला महिन्याला किती सीट भरल्या याचा हिशोब द्यावा लागतो.

एक खुलासा करतो, नाहीतर नंतर माझ्यावर रागवाल. 'सगळं फुकट' असं नाही. शुल्क नियामक प्राधिकरण विनाअनुदानित कॉलेजची जी फी ठरवून देतं, त्यात शिक्षण शुल्काशिवाय विकास शुल्कही असतं. ते भरावं लागतं. हॉस्टेल, मेस, पुस्तकं तुमचीच. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दरवर्षी करायचा, बँक खातं आधारला जोडलेलं हवं, आणि एखादा कागद राहिला की अर्ज परत येतो. एखादं कॉलेज प्रवेशावेळी पूर्ण फी मागून पाहील. तेव्हा शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवायची आणि नकार लेखी मागायचा. कटकट आहे. पण लाखांचा प्रश्न असेल तर माणूस एवढी कटकट सोसतो.

तुम्ही विचाराल, सीईटी, म्हणजे कॅपसाठीची राज्याची प्रवेश परीक्षाच बिघडली तर? प्रश्न रास्त आहे. एमएचटी-सीईटीत अपेक्षेपेक्षा कमी पर्सेंटाइल आले आणि कॅपमध्ये मनासारखं कॉलेज मिळालं नाही, तर जून-जुलैत हेच विद्यापीठ पुन्हा दार उघडून बसलेलं असेल. तेव्हा समजा ४० ऐवजी २५ टक्के देतील. वर्षाला ५४ हजारांचा फरक. थांबण्यात धोका आहे तो एवढाच. तुलनेला दुसऱ्या पारड्यात पूर्ण शिक्षण शुल्क आहे.

आणि ही 'शेवटची तारीख' मी पुष्कळदा पाहिली आहे. ३१ जानेवारीची १५ फेब्रुवारी होते, मग 'खास तुमच्यासाठी' २८. या तारखा कशाला असतात? बोर्डाचा आणि सीईटीचा निकाल लागायच्या आत हुशार मुलं बांधून घ्यायला. निकाल हातात आला की मुलीपुढे चार पर्याय असतात. आज एकच आहे आणि भीती आहे. खाजगी विद्यापीठं वाईट असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. काहींचं डिझाइन, लिबरल आर्ट्स, डेटा सायन्सचं शिक्षण उत्तम आहे, आणि कॅपमध्ये नसलेला अभ्यासक्रम मुलाला मनापासून हवा असेल तर मी स्वतः डिसेंबरमध्येच अर्ज करायला लावतो. अशा मुलांसाठी अर्ली अ‍ॅडमिशन सोयीची: एक चिंता मिटते, बोर्डाचा अभ्यास शांतपणे होतो. तुमच्या मुलीला हवंय कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, आणि ते कॅपमधल्या कितीतरी कॉलेजांत आहे.

तरीही मन धजत नसेल आणि विम्यासारखे ५० हजार अडकवायचेच असतील, तर आधी विद्यापीठाला एक ईमेल करा. फोन नको. विचारा: प्रवेश रद्द केल्यास यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) शुल्क परतावा नियमाप्रमाणे ही रक्कम किती आणि किती दिवसांत परत मिळेल? यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत टप्पे दिलेले आहेत: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण परतावा, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून फार तर ५ टक्के, तोही ५,००० रुपयांच्या वर नाही. लेखी अर्जानंतर १५ दिवसांत पैसे परत. पुढे २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण परतावा द्यायला सांगितलं होतं. तुमच्या वर्षाचं परिपत्रक निघेल तेव्हा तेही पाहून घ्या. ईमेलला सरळ उत्तर आलं तर विचार करा. 'सर, फोनवर बोलू या' असं उत्तर आलं तर ५० हजार दुकानातच राहू द्या, खताच्या सीझनला कामाला येतील. आणि काहीही झालं तरी दहावीची मूळ गुणपत्रिका, बारावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला तिथे ठेवून यायचं नाही. मूळ कागद तपासून परत द्यायचे असतात, अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे. दाखला तिकडे अडकला तर कॅपमध्ये पळापळ तुमची होईल.

तुम्हाला आज खरी घाई करायची असेल तर ती वेगळीकडे आहे. जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. तुमच्या पत्रात जातीच्या दाखल्याचा उल्लेख आहे, वैधतेचा नाही. मुलगी सायन्सला आहे, तेव्हा तिचा अर्ज लातूरच्या कॉलेजमार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जाईल. बोर्डाची परीक्षा झाली की कॉलेजचे क्लार्क सापडत नाहीत, जूनमध्ये समितीच्या दारात रांगा लागतात. घरात काका, आत्या, चुलत भाऊ कोणाची वैधता झाली असेल तर ती प्रत आधी शोधा, काम निम्मं होतं. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जुना महसुली पुरावा लागेल. बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत जुनी रजिस्टरं असतात, पण ती काढून द्यायला हेडमास्तरांना दोन चकरांचा वेळ द्या. नॉन-क्रीमी लेअरचा दाखला ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असेल असं पाहा. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला एप्रिलनंतर नव्या वर्षाचा काढा.

एक शेवटचं विचारतो, राग मानू नका. तुमच्या दोन पानी पत्रात फीचा आकडा सात वेळा आलाय. मुलीला ते विद्यापीठ आवडलं का, तिने तो कॅम्पस पाहिलाय का, तिला पुणेच हवंय की छत्रपती संभाजीनगर, सांगली चालेल, याबद्दल एक ओळही नाही. रविवारी तिचा लातूरहून फोन येत असेल. या रविवारी अभ्यास किती झाला हे विचारू नका, हे विचारा. आणि फोन करणाऱ्या त्या काउन्सेलरचा नंबर तिच्या मोबाइलवर असेल तर तो ब्लॉक करायला सांगा; फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा आहे.

विद्यापीठाचं ईमेलला काय उत्तर येतं ते मला कळवा. जात वैधतेच्या अर्जाची पोचपावतीही पाठवा, ती मी आधी वाचेन.