वॅट सोडा, मशीन ठोका कसा मारते ते बघा

तुमचा प्रश्न असा की रामबागेतलं जुनं घर आणि निपानियाचा नवा फ्लॅट, दोन्हीकडे पडद्याचे रॉड, शेल्फ, गीझर वगैरे लावायचंय, तर ८०० वॅटची वायरवाली ड्रिल मशीन घ्यावी की बॅटरीवालीनं भागेल, आणि दुकानदार म्हणतोय की ६०० ची इम्पॅक्ट घ्या, तीच पुष्कळ झाली. मी पण इंदूरचाच, सुदामा नगरात राहतो, घरात ८०० ची रोटरी हॅमर पण आहे आणि ६०० ची इम्पॅक्ट पण, म्हणून लिहितोय.

आधी ते वॅटचं डोक्यातून काढा. ६०० च्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून टकटक करतात, ठोके मिनिटाला तीस-चाळीस हजार, पण एकेक ठोका म्हणजे नुसती टिचकी, बाकी जोर तुमच्या खांद्याचा. रोटरी हॅमरचं वेगळं, आत पिस्टन असतो, तो हवा दाबतो आणि त्या दाबानी एक वजन मागून बिटवर आदळतं, ठोके चारेक हजारच पण प्रत्येक ठोका आतपर्यंत पोचतो. बिट, म्हणजे भोक पाडणारी दांडी, पण तिचं वेगळं, एसडीएस-प्लस म्हणतात, मागचं टोक १० मिमी जाडीचं, खाचा पाडलेलं, टक्क करून बसतं, चक (बिट पकडणारा जबडा) चावीनं आवळायची भानगडच नाही. बॉशनी १९७५ च्या आसपास हे आणलं, आता सगळ्याच कंपन्या तसलंच लावतात, त्यामुळे एसडीएस-प्लस बिट कुठल्याही कंपनीचं घ्या, बसतं.

आता फ्लॅटचं. पडद्याचा रॉड नेमका खिडकीच्या वरच्या लिंटेलवर, म्हणजे आडव्या तुळईवर येतो, आणि ती काँक्रीटची. इम्पॅक्ट ड्रिल प्लॅस्टरमधून अर्धा-पाऊण इंच मजेत जाते आणि मग खडी लागली की तिथेच किंचाळत बसते, खाली भुकटी पडायची बंद होते, आणि तरी तुम्ही रेटत राहिलात तर बिट बाहेर येतं ते टोक निळं पडलेलं, टोकावरचा कार्बाइडचा कडक तुकडा गेलेला. त्याच भोकात हॅमर लावा, राखाडी भुकटी भुरूभुरू खाली यायला लागते आणि काही सेकंदात दोन इंच भोक तयार. दाबायचं नाही, नुसतं सरळ धरायचं. इम्पॅक्टची सवय असलेला माणूस हिला पण अंगाचा भार देऊन ढकलतो, काही गरज नसते.

पण एक लक्षात ठेवा, मशीनमध्ये ताकद आहे म्हणजे ती तुमच्या मनगटापर्यंत पण येते. लिंटेलमध्ये सळई असते, बिट तिच्यात अडकलं की बिट थांबतं आणि मशीनच फिरायला बघते. चांगल्या हॅमरमध्ये क्लच असतो, तो कर्रर्र करून सुटतो, तरी झटका बसतोच. म्हणून बाजूचा दांडा लावल्याशिवाय चालवायची नाही (लोक तो डब्यातच ठेवतात, का ते मला अजून कळलेलं नाही), आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं राहून तर अजिबात नाही, शिडी घ्या. सळई लागली की हट्ट करू नका, भोक इंचभर सरकवा.

रामबागच्या घरात सगळं उलटं. तिथे विटा-चुन्याची भिंत असेल तर हॅमर मोडवर ६ मिमीचं भोक बघता बघता १० चं होतं, वीट आतून भुसभुशीत, आणि मग गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतात तो प्लॅस्टिकचा प्लग) स्क्रूबरोबर गोल गोल फिरत बसते. तिथे ठोका बंद, नुसतं फिरवायचं, हळूहळू, आणि गिट्टी ८ ची लांब स्क्रूसकट. माझी ६०० वाली अशाच कामाला येते. फक्त खाली जोत्याला आपल्याकडचा काळा दगड असेल तर तिथे हॅमरच.

टाइलचं पण तसंच, गीझरच्या जागी आधी मास्किंग टेप चिकटवा, ठोका बंद ठेवून टाइल पार करा, मग हॅमर चालू. आणि गीझर गिट्टीच्या भरवशावर टांगू नका, १५ लिटरचा असला तरी नुसतं पाणीच १५ किलो झालं, लोखंडी फास्टनर लागतात. नळाच्या सरळ वर-खाली आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा बाजूला भोक पाडायचं नाही, पाइप आणि वायर तिथूनच गेलेली असते.

विजेची काळजी वाटत असेल तर ८०० वॅट म्हणजे साडेतीन अँपिअरच, घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. एक्स्टेंशन मात्र बारीक वायरचं नको आणि गुंडाळलेलं तर नकोच, पूर्ण उलगडून वापरा नाहीतर तापतं. चष्मा आणि मास्क घाला, काँक्रीटची धूळ फुप्फुसाला वाईट. कापडी हातमोजे घालायचे नाहीत, बिटमध्ये गुंडाळले जातात. आणि फ्लॅटमध्ये दुपारी दोन ते चार मशीन काढलीत तर खालचे काका वर येतील, मराठी असोत की नसोत.

बॅटरीवाली वाईट नाही, स्क्रू कसायला आणि लाकडाला ती बेस्ट, पण वर्षातून दोनदा काढणार असाल तर बॅटरी पडून पडून मरते. वायरवाली कपाटातून पाच वर्षांनी काढा, प्लग लावा, चालू.

तर तुमच्यासाठी मी २६ मिमीवाली (काँक्रीटमध्ये तेवढ्या जाडीपर्यंत भोक पाडते ती) ८०० ची रोटरी हॅमर घ्या म्हणीन, पण आठ-दहा भोकांपुरतंच काम असेल तर राहू द्या, इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वस्त पडेल. घ्यायचीच तर महारानी रोडला किंवा सियागंजला जाऊन दोन-तीन दुकानं फिरा आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच प्लग लावून बघा: ठोका बंद करून नुसती फिरते का, उलटी फिरते का, आणि तिच्या मोटरमधले कार्बन ब्रश सुटे मिळतात का. शेवटचं विचाराच, कारण झिजतात तेच.