वर उचलणाऱ्या छताचा जुना कॅम्पर: नवं कापड शिवण्याआधी काय उघडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वरुडकडे जुन्या पिकअपसोबत हौद्यात ठेवायचा, छत वर उचलणारा कॅम्पर, म्हणजे आत झोपता येईल अशी पेटीवजा खोली, मिळाला. छत गळतं, बाजूचं कापड फाटलंय, आत एका कोपऱ्यात पाय दिला की फळी दबते. संत्र्याच्या बागेत राखणीला वापरायचा आहे, जमलं तर मेळघाटात न्यायचाय. नवं कापड शिवून वरून सिलिकॉन मारलं तर भागेल का?

नाही भागणार. फळी दबते म्हणजे पाणी छताच्या कडेतून शिरून भिंतीतल्या लाकडावरून खाली तळाच्या चौकटीपर्यंत पोचलेलं आहे. कापड हे शेवटचं काम. आणि सिलिकॉन तर मुळीच नको: त्यावर रंग बसत नाही, पुढे दुसरं कुठलंही सीलंट (फटी बुजवायचा चिकट मसाला) धरत नाही. आधीच्या मालकाने मारलेलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढावं लागेल. पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

कॅम्पर हौद्यातून उतरवून ठेवताना नुसत्या चार कोपऱ्यांवर टेकवू नका, मध्ये लाकडाचे दोन आडवे फाटे द्या. नाहीतर सडकी चौकट तिथेच बसेल. मग पेचकस घेऊन आतून दर अर्ध्या फुटावर टोचत जा. चांगल्या लाकडात टोक अडतं, सडक्यात घुसतं. उधई असेल तर टोचल्यावर माती सांडते, ती वेगळी भानगड: तेवढा फाटा अख्खा काढा. खराब भाग दिसतो तिथे थांबू नका, पुढे सहा इंच चांगलं लाकूड येईपर्यंत कापा. नवा तुकडा सरळ न जोडता तिरका जोडा. लाकूड एक इंच जाड असेल तर जोडाचा उतार आठ इंच.

लाकूड सागाचंच घ्या, वाळलेलं, एक बाय दीड इंची. दहा फुटांचं वजन साधारण 2 किलो भरतं. बाभूळ घरची असली तरी ती बंडीला ठेवा. इथे ती जड पडते, शिवाय पिळते. तळाला आयएस 710 शिक्क्याचा 12 मिमी मरीन प्लाय लावा. आठ बाय चार फुटांची त्याची एक शीट 23 ते 25 किलोची असते, म्हणून भिंतींना आतून 4 मिमी पुरे. प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे (दोन भाग कालवून घट्ट होणारी राळ) दोन हात द्या, पाणी तिथूनच पितो तो. जोडाला साधा पांढरा फेविकॉल नको.

आता उन्हाळ्याची गोष्ट. 25 अंशांना अर्धा तास टिकणारं इपॉक्सीचं मिश्रण 42 अंशांना दहाएक मिनिटांत घट्ट होतं. म्हणून पहाटे काम करा, एका वेळी 100 ग्रॅमच कालवा, आणि पेल्यात न ठेवता पसरट ताटलीत ओता. खोल भांड्यात ते स्वतःच तापतं. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचं उलटं आहे. ते हवेतल्या ओलाव्यावर पिकतं. आपल्याकडच्या मेमधल्या कोरड्या हवेत वरून सुकल्यासारखं दिसलं तरी आत कच्चं राहतं, त्यामुळे आठवडाभर हात लावू नका. हे सगळं मृगाच्या आत, म्हणजे 7 जूनच्या आधी उरकायचं तर लाकूडकाम एप्रिलमध्येच संपवा.

गळती बहुतेक वेळा छताच्या सपाट भागातून नसते. कडेच्या अॅल्युमिनियम अँगलखालून आणि स्क्रूंच्या भोकांतून असते. अॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू असला की ओलाव्यात पांढरी पूड धरते आणि भोक मोठं होतं. त्याच भोकात जाडा स्क्रू ठोकणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, पण तो सहा महिन्यांचा. जुनं भोक इपॉक्सीने बुजवा, नवं पाडा, 304 स्टेनलेसचे स्क्रू तीन-तीन इंचांवर लावा. अँगलखाली ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी). स्क्रू आवळल्यावर टेप दबून बाहेर येते. दुसऱ्या दिवशी उन्हात मऊ झाली की पुन्हा आवळा, मगच जास्तीची कापा आणि कडेने पीयू भरा. छताच्या मधल्या फाट्यांना पाऊण इंच उंची द्या म्हणजे वर डबकं साचणार नाही.

आतला प्लाय लावण्याआधी पाणी मारून बघा. सांध्यांवर आतून खडूची पूड भुरभुरा. पाइप खालून सुरू करून वर जा, एकेका जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळणारच नाही.

उष्णतेसाठी छतात 25 मिमी एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीचा, पण कडक फोम) भरा आणि बाहेरून पांढरा रंग द्या. थर्माकोल स्वस्त पडतो, पण रबरी सोल्युशनने चिकटवायला गेलात तर दोन्ही विरघळतात.

छत उचलणाऱ्या गॅस स्ट्रटवर (दाबाचा गॅस भरलेला, ढकलणारा दांडा) बरेच जण फसतात. आधी छताचं वजन करा, सगळं बसवल्यावर, सोलर पॅनेलसकट; 100 वॅटचं काचेचं पॅनेलच 7-8 किलो असतं. छत 60 किलो असेल आणि चार स्ट्रट सरळ उभे उचलत असतील तर प्रत्येकी 150 न्यूटन लागतात. कैचीच्या जोडणीत खालच्या टोकाला याहून बरंच जास्त लागतं. तापमान 10 अंश वाढलं की स्ट्रटचा जोर सुमारे साडेतीन टक्के वाढतो. जानेवारीतल्या पहाटे बरोबर वाटणारा स्ट्रट मेच्या दुपारी छत आपोआप ढकलू लागतो. म्हणून थोडा कमी जोराचा घ्या, उरलेलं हाताने उचला, आणि चारही कोपऱ्यांना कुलपी पकड लावा.

कापडाचं माप छत वर करूनच घ्या. रिक्षा-जीपचं हूड शिवणारा कुशनवाला हे काम करतो. त्याला पॉलिस्टरचा धागा आणि इंचाला सहा-सात टाके सांगा. जास्त टाके म्हणजे कापडाला भोकांची रांग. पूर्ण पीव्हीसी ताडपत्रीत रात्री श्वासाचं पाणी आतून ठिबकतं, म्हणून समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या हव्यातच. कडा स्टेपलवर सोडू नका, अॅल्युमिनियमची पट्टी टाकून चार-चार इंचांवर स्क्रू मारा.

वायरिंग सोपं आहे: फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, दिवे-पंख्याला 2.5 चौरस मिमी तार. गॅस ठेवलात तर खणाला तळाशी झरोका, एलपीजी खाली बसतो.

शेवटी जिनिंगच्या वजनकाट्यावर जा. सामान आणि पाण्यासकट पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोला, आकडे आरसीवरच्या वजनाशी ताडून पाहा. कॅम्पर टर्नबकलने (फिरवून ताणायचा आकडा) हौद्याच्या कड्यांना बांधा. कायमचं वेल्डिंग करायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी. आणि गाडी चालू असताना मागे माणूस बसवायचा नाही.

पावसात ओलं कापड तसंच बंद करावं लागलं तर दुसऱ्याच दिवशी वावरात उघडून वाळवा. दोन-तीन दिवस राहिलं की शिवणीत काळी बुरशी धरते आणि ती निघत नाही.