प्रिंटर घरात ठेवू का?

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने कॉम्प्युटरवरच्या फाइलवरून प्लास्टिकच्या वस्तू बनवणारा थ्री-डी प्रिंटर घेतला. गणपतीत दीर म्हणाले, "वहिनी, यावर बंदुका निघतात, पोलीस दारात येतील." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. विकायला लावू का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : अजिबात नको, ताई. पोराने स्वतःच्या कमाईतून मशीन घेतलंय, कौतुक करा.

भावजींचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. 2013 मध्ये अमेरिकेत कोडी विल्सन नावाच्या माणसाने प्रिंटरवर काढता येणाऱ्या 'लिबरेटर' पिस्तुलाची फाइल इंटरनेटवर टाकली. सरकारने ती उतरवायला लावली, तोवर लाखावर डाउनलोड झाले होते. तिथला वाद वेगळा, कारण स्वतःपुरती बंदूक बनवायला त्यांचा केंद्रीय कायदा परवाना मागतच नाही. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना बंदूक बनवणं हाच गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीपासून किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. मग ती प्रिंटरवर करा, नाहीतर कानशीने घासून. प्रिंटर घरात असणं मात्र गुन्हा नाही. 2022 मध्ये जपानमध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबेंवर झाडलेली बंदूक घरीच बनवलेली होती, पण ती लोखंडी पाइपांची. आपला गावठी कट्टा तर प्रिंटरच्या कितीतरी आधीचा. मशीन उचलून प्रश्न सुटणार असता, तर आमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेटातली लोखंड कातायची यंत्रं, म्हणजे लेथ, आधी उचलावी लागली असती.

तिथेच लेथवर उभं राहून मी म्हातारा झालो, म्हणून एक सांगतो. जॉबवर्कला कधीकधी असं गिऱ्हाईक येतं : वहीच्या कागदावर स्केच, पार्टचं नाव नाही, बिल नको, पैसे रोख. "कुठे बसणार हा?" विचारलं की म्हणतं, "तुम्हाला काय करायचंय?" मला खूप काही करायचं असतं! कुठे बसणार ते कळल्याशिवाय फिट किती ठेवायचा, मटेरियल कुठलं घ्यायचं, काहीच ठरत नाही. खरं गिऱ्हाईक उलट जुना झिजलेला पार्टच टेबलावर ठेवतं. स्केचवाल्याचा जॉब मी चकमध्ये धरत नाही.

मुलाचे मित्र पेनड्राइव्ह घेऊन येणारच. फाइल आधी स्क्रीनवर उघडायची, पार्ट कशाचा ते विचारायचं, उत्तर नाही तर प्रिंट नाही, एवढं त्याच्याशी ठरवून घ्या. आणि तुमच्या मिक्सरचं तुटलेलं बटण त्याला करायला द्या. व्हर्नियरने मोजून, दोन-तीनदा फसून बसवेल, तेव्हा बंदूक "निघते" म्हणजे काय हे भावजींना तोच समजावेल.

प्लास्टिक वितळवणारं नोझल 200 अंशांच्या आसपास तापतं, तेवढं धाकट्यांना लांब ठेवा.