वाचकांचे प्रश्न : पाऊस, शेजारची इमारत आणि गच्चीवरची डिश

प्रश्न : आमच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. जोराचा पाऊस आला की चित्र अडकतं. आता शेजारी सात मजली इमारत उभी राहतेय. सिग्नल कायमचाच जाईल का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : इमारत कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहा. या वाहिन्या जीसॅट-१५ वरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. पुण्यातून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आग्नेयेला, क्षितिजापासून ५९ अंश वर येतो. मोबाइलचा कंपास लावणार असाल तर लोखंडी खांबापासून दोन पावलं लांब उभे राहा. आग्नेयेची इमारत १० मीटरवर असेल, तर ती डिशपेक्षा साधारण १६ मीटर उंच झाल्यावरच आड येईल. इतर दिशांची कितीही वाढली तरी फरक पडत नाही.

खात्री करायची तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास गच्चीवर जा. तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे असतो. डिशवर ऊन असेल तर वाट मोकळी आहे. सूर्यही रेडिओ लहरी फेकतो; त्यांच्या गोंगाटामुळे त्या दिवसांत काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड समजून नट सैल करू नका.

आता पाऊस. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. मोठे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात, म्हणून रिमझिम चालते आणि वळीव चालत नाही. ६० सेंटिमीटरऐवजी ९० ची डिश लावली तर सव्वादोनपट सिग्नल गोळा होतो. तरी ढगफुटीत पाच-दहा मिनिटं जाणारच.

पाऊस थांबून तास झाला तरी चित्र येत नसेल, तर संशय एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवर सिग्नल टिपणाऱ्या डबीच्या, कनेक्टरवर घ्या. सेट टॉप बॉक्सचा प्लग आधी काढा, कारण केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट वर जातात. तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल तर खराब तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा, वॉटरप्रूफ टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

डिश हलली असेल तर स्क्रीनवर ‘क्वालिटी’ बघत फिरवा. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी उपग्रह न सापडताही भरलेली दिसते. डिशचा पत्राही ५९ अंश मागे झोपवू नका: या ऑफसेट डिश असतात, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून पत्रा उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशच मागे कलतो. बहुतेकांची फसगत इथेच होते.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात आर्वीला एवढी अजस्र डिश कशाला उभारली होती?
– एक वाचक, नारायणगाव

उत्तर : परदेशी फोनसाठी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे विक्रम भू-केंद्र सुरू झालं. तेव्हाच्या उपग्रहांची प्रक्षेपणशक्ती अगदी तुटपुंजी, तीही अर्ध्या पृथ्वीवर पसरलेली. जमिनीवर पोचणारा सिग्नल टिपायला तेवढाच मोठा पसारा लागे. आजचे उपग्रह ताकदवान आहेत, आणि तीच ताकद ते एका देशावर एकवटतात. तुमच्या गच्चीवरची छत्री त्यामुळेच एवढी छोटी.