टेप फेकायच्या आधी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चाकणच्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. मूळ कंपनी जर्मनीतली, प्लांट बऱ्याच देशांत. रोज रात्री टेपवर बॅकअप घ्यायचा आणि शुक्रवारची टेप बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून यायची, हे मी सोळा वर्षं करतोय. आता हेड ऑफिसने सगळ्या प्लांटचा बॅकअप एकाच क्लाउडवर न्यायचं ठरवलंय. दिवाळीला टेप बंद. साहेब म्हणतात, सर्व्हरची कॉपी दुसऱ्या डेटा सेंटरला क्षणोक्षणी जातेच आहे, काळजी कसली? मला मात्र झोप लागत नाही. माझेच विचार जुनाट झालेत का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : नाही हो. तुमची धास्ती खरी आहे, फक्त ती टेपपाशी अडकून बसली आहे. नवी यंत्रणा येऊ दे. साहेबांचं ते ‘क्षणोक्षणी कॉपी’ मात्र खोडून काढा. इकडे फाइल खराब झाली की तिकडचीही त्याच क्षणी खराब होते. त्याला बॅकअप म्हणत नाहीत.

27 जून 2017 ला नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी आडवी केली. कोणी कुठे लॉगिन करायचं ते ठरवणारे त्यांचे सुमारे 150 डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवून होते, म्हणून त्यांचा वेगळा बॅकअपच नव्हता. सगळे एकदम पुसले गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता! नॉर्वेच्या हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर 19 मार्च 2019 ला फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला. माणसं 35,000, देश 40. त्यांनी खंडणी दिली नाही, बॅकअपवरून उभे राहिले. तरी कामगारांना कित्येक दिवस कागदावर ऑर्डरी घेऊन, हाताने मशिनं चालवावी लागली.

म्हणून हेड ऑफिसला विचारा : बॅकअपचं लॉगिन आपल्या नेहमीच्या डोमेनमधलंच आहे का? असेल तर घात आहे. चोराच्या हाती अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला की तो आधी बॅकअप पुसतो. वेगळं लॉगिन मागा, आणि मुदत संपेपर्यंत खुद्द अ‍ॅडमिनलाही पुसता येणार नाही अशी कुलूपबंद कॉपी. शिवाय उलटा हिशेब करा. 8 टीबी डेटा 100 एमबीपीएसच्या लाइनवरून परत उतरवायला सलग 7 दिवसांहून जास्त लागतात. तितके दिवस डिस्पॅच बंद ठेवणं परवडणार आहे का? नसेल तर एक कॉपी प्लांटमध्येच हवी.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. तुमच्या पत्रात सर्व्हर आहेत, मशिनं नाहीत. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनांच्या बऱ्याच कंट्रोलमध्ये पॅरामीटर, म्हणजे मशिनच्या सेटिंगचे आकडे, बॅटरीवर जपलेले असतात. भोसरीत नोकरीला असताना एका सोमवारी मशिनिंग सेंटर सुरू केलं, तर सगळे पॅरामीटर गेलेले. बॅटरीचा इशारा आठवडाभर स्क्रीनवर दिसत होता, कोणी लक्ष दिलं नव्हतं. सुट्टीत मेन बंद केला आणि बॅटरीने मान टाकली. कॉपी कुठेच नव्हती. शेवटी कंट्रोल कॅबिनेटच्या दाराच्या खिशात मशिनबरोबर आलेला छापील तक्ता सापडला, कडांना तेलाने पिवळा पडलेला. मी आकडे वाचायचे, मेंटेनन्सचे काका एकेक पंच करायचे. 3 आणि 8 मधला फरक कळावा म्हणून आम्ही कागद उजेडात धरत होतो. दोन पाळ्या गेल्या. सर्व्हर रूममध्ये त्या वेळी बॅकअपचा दिवा अगदी हिरवागार होता. म्हणून सांगते, पॅरामीटर, पीएलसीचे (मशिनं चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरचे) प्रोग्रॅम, लाइनवरचे जुने विंडोजवाले पीसी, यांची यादी मेंटेनन्सबरोबर फिरून आजच करा. जर्मनीला ती माहीत असणं शक्य नाही.

कायद्याचंही एक आहे. ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. क्लाउड नुसता फ्रँकफर्टला ठेवून भागणार नाही. हे अकाउंट्सच्या माणसाला सोबत घेऊन लेखी कळवा.

जुन्या टेपांचं म्हणाल तर ड्राइव्ह भंगारात देऊ नका. एलटीओ ही बॅकअपच्या टेपची जात, पुढचा आकडा तिची पिढी. एलटीओ-9 चा ड्राइव्ह एलटीओ-8 पर्यंतच मागचं वाचतो. तुमच्या लॉकरमध्ये एलटीओ-5, 6 असतील तर त्या त्याला काहीच सांगणार नाहीत. ऑडिटला लागणारी वर्षं आधी उतरवून घ्या.

आणि टेप बंद व्हायच्या आत एक शनिवार मागून घ्या. वेगळ्या नेटवर्कवर, नव्या बॅकअपमधून डिस्पॅचचा सर्व्हर उभा करा. सुरुवातीची वेळ फळ्यावर लिहा. ‘रिस्टोर यशस्वी’ असा मेसेज आला म्हणून उठू नका. डिस्पॅचच्या माणसाला बोलवा, शुक्रवारच्या एखाद्या गाडीचं बिल त्याला त्या सर्व्हरवरून काढायला लावा. बिल हातात पडलं की दुसरी वेळ लिहा, आणि दोन्ही वेळा मला कळवा.