ढवळ्या कोण, पवळ्या कोण

यावेळी आलेल्या पत्रांतली निम्मी तरी मित्रमैत्रिणींवरूनच आहेत. नवीन कॉलेजं सुरू झाली की दरवर्षी हे होतंच, त्यामुळे आश्चर्य काही वाटलं नाही. त्यातली तीन घेतलीयेत, पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरावीला आहे. दहावीपर्यंत एकदम सरळ, शाळा-क्लास-घर. आता चार-पाच जणांचा ग्रुप झालाय, क्लास सुटला की टपरीवर अर्धा-एक तास मोडतो. मागच्या महिन्यात त्याच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं, मी खरंच पेनड्राइव्ह समजून टेबलावर ठेवलं, पुतण्या आला तेव्हा त्याने सांगितलं की काकू हे व्हेप आहे. विचारलं तर म्हणतो माझं नाही, मित्राने ठेवायला दिलंय. ह्यांचं म्हणणं सरळ कॉलेज बदलू. सासूबाई उठता-बसता म्हणतात, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मी काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंची म्हण खोटी नाहीये, पण तिची एक गंमत आहे. ती म्हणणाऱ्या प्रत्येकाचा मुलगा पवळ्याच असतो. ज्या मित्राचं ते व्हेप आहे असं तो सांगतोय ना, त्याच्याही घरी आत्ता कोणीतरी हीच म्हण म्हणत असेल आणि तिथला ढवळ्या तुमचा मुलगा असेल. माझ्याकडे एकदा एकाच ग्रुपमधल्या तीन मुलांच्या आया वेगवेगळ्या दिवशी येऊन गेल्या, तिघींचंही एकच, आमचा तसा नाही हो, ते दुसरे दोघं आहेत ना त्यांच्यामुळे सगळं.

आधी त्या वस्तूचं बघू. व्हेप म्हणजे ई-सिगारेट, आणि ती आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंद आहे, बनवणं, विकणं, बाहेरून आणणं, जाहिरात करणं सगळंच. म्हणजे जो कोणी ते पोरांना देतोय तो चोरूनच देतोय आणि त्यात नक्की काय भरलंय याची खात्री कोणालाच नाही. बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतं, पण वास येतो पुदिन्याचा नाहीतर स्ट्रॉबेरीचा, म्हणून घरात पत्ता लागत नाही आणि पोरांनाही वाटतं की ही काय सिगारेट थोडीच आहे, नुसती वाफ आहे. निकोटिनची सवय त्या वयात फार पटकन लागते. हे त्याला बसून, शांतपणे, एकदाच सांगा. रोज जेवताना सांगितलंत तर तो ऐकणं बंद करेल आणि जेवणही. आणि 'मित्राचं आहे' ही थाप असेल किंवा नसेल, ते खणून काढायच्या मागे लागू नका. थाप असली तरी त्याला लाज वाटतेय एवढं तरी त्यातून कळतंय.

आता संगतीचं. आपल्याला वाटतं की मित्र भरीला घालतात, 'ओढ रे, घाबरतोस काय' वगैरे. पिक्चरमध्ये असतं तसं. प्रत्यक्षात बऱ्याचदा कोणी काही बोलतच नाही. चौघं ओढतायत आणि पाचवा हातात कटिंगचा ग्लास धरून नुसता उभा आहे, त्याला ते नुसतं उभं राहणंच जड जातं. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर एक साधा प्रयोग केला होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, सांगायचं एवढंच की त्या तिघींतली कुठली पहिलीएवढी आहे. शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून ठेवलेले, काही फेऱ्यांत ते सगळे मुद्दाम एकच चुकीचं उत्तर देणार, आणि ज्याला काही माहीत नाही त्याचा नंबर शेवटी-शेवटी. साधारण चारातल्या तिघांनी एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून सगळ्यांच्या हो ला हो केलं. कोणी धमकी दिली नव्हती, चिडवलं नव्हतं, ओळखही नव्हती.

पण मला त्यातला पुढचा भाग जास्त कामाचा वाटतो. खोलीत एकजण जरी खरं उत्तर देणारा मिळाला की त्या पोराचं चुकीच्या उत्तराला मान डोलावणं एकदम कमी व्हायचं. फक्त एकजण. सगळा ग्रुप सुधारायची गरजच नाही.

म्हणून कॉलेज बदलण्याच्या मी विरोधात आहे. टपरी नवीन कॉलेजबाहेरही असते आणि तिथे तो एकटा असेल. नवीन ठिकाणी एकटं पडलेलं पोर ग्रुपमध्ये घुसण्यासाठी आधीपेक्षा जास्त काय काय करतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मोजत पण नाही. त्यापेक्षा त्या पाच जणांत न ओढणारा कोण आहे ते हळूच काढा. असतोच एखादा. सगळ्यांनाच घरी बोलवा, मिसळ करा, नाशिकच्या बाईला मिसळीचं मी काय सांगणार. एकदा ते तुमच्या ओट्याशी पाव कुठेय विचारत उभे राहिले की ढवळे-पवळे आपोआप कळतात, आणि तुमच्या पोरालाही कळतं की आई माझ्या मित्रांची दुश्मन नाही.

दुसरं, त्याला नाही म्हणायला एक आयतं कारण द्या. 'मला नको' हे सोळाव्या वर्षी चारचौघांत म्हणणं सगळ्यात अवघड वाक्य आहे, पण 'माझी आई घरी गेल्यावर तोंडाचा वास घेते यार, डेंजर आहे ती' हे म्हणायला सोपं जातं आणि कोणी त्याला भित्रा पण म्हणत नाही. व्हा थोड्या डेंजर. माझ्या भावाने अख्खं कॉलेज आमच्या आईच्या नावावर काढलं, त्याच्या मित्रांना आई म्हणजे फौजदार वाटायची, आणि ती बिचारी प्रत्यक्षात झुरळाला घाबरायची.

आणि गाडी चालवत असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम दिला, काहींना एकट्याने आणि काहींना मित्र बघत असताना. १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र असताना साधारण दुप्पट धोके पत्करले. २४ च्या पुढच्यांना मित्र असण्या-नसण्याने काही फरकच पडला नाही. त्यामुळे तो एकटा असताना नीट चालवतो यावर जाऊ नका, ट्रिपल सीट कधीच नाही ही एक गोष्ट मात्र घरात पक्की ठेवा. आणि तसंही सोळाव्या वर्षी गिअरची गाडी चालवायचं लायसन्स मिळत नाही.

टपरीवाल्याचं म्हणाल तर शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, १८ च्या खालच्याला तर कुठेच नाही, २००३ चा कायदा आहे. एकट्या आईने तक्रार केली की मुलाची चेष्टा होते, चार पालक मिळून प्रिन्सिपलकडे जा. आणि शेवटचं, त्याला संध्याकाळी जायला दुसरी एक जागा हवी. तुमच्याकडे ढोल पथकं कमी नाहीत, गणपतीच्या आधी दोन-दोन महिने सराव चालतो, तिथेही पोरांचाच दबाव असतो पण तो वेळेवर येण्याचा आणि ठेका न चुकवण्याचा असतो. (कानात बोळे घालायला सांगा, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.)

प्रश्न : मॅडम, मी २८ वर्षांचा, मूळ सोलापूर जिल्ह्यातला. पाच वर्षं सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. दोनदा मेन्स, एकदा इंटरव्ह्यूपर्यंत गेलो, थोडक्यात राहिली. रूमवर आम्ही चौघं, अभ्यासिकेत दहा-बारा जणांचा ग्रुप. मला आता थांबावंसं वाटतंय, तालुक्याला एका पतसंस्थेत नोकरी मिळतेय. पण विषय काढला की सगळे म्हणतात एवढं आलंय तर एक अटेम्प्ट अजून दे. मी निगेटिव्ह बोलतो म्हणून एकाने अभ्यासिकेत शेजारची जागा पण बदलली. घरी अजून काहीच सांगितलं नाहीये.
– एक वाचक, पुणे

उत्तर : अरे, आधी त्या ग्रुपचं जे देणं आहे ते मान्य करू. एकट्याने तू गावाकडे सकाळी सातला उठून रात्री अकरापर्यंत पुस्तकाला चिकटून बसला असतास का? नसतास. शेजारचा उठत नाही म्हणून आपण उठत नाही, याच्या जोरावर अर्धी सदाशिव पेठ पास होते. मेसचे पैसे संपले की रूममेट भरतो, टेस्ट सिरीज चौघांत मिळून घेतली जाते, कोणाला ताप आला तर कोणीतरी रात्रभर बसतं. ती पोरं वाईट नाहीत.

पण त्याच ग्रुपला 'थांबतो' म्हणणाऱ्याची भीती वाटते, कारण तू थांबलास की त्या प्रत्येकाला स्वतःला विचारावं लागेल की मग मी का नाही थांबत. जागा बदलणाऱ्याने ती तुझ्यावर चिडून बदलली नाही, माझा अंदाज आहे की त्याच्या मनात तुझ्यापेक्षा जास्त शंका आहेत.

आणि एक बघ, चहाला जे असतात ते सगळे अजून न थांबलेलेच असतात. जे पास झाले त्यांचे फ्लेक्स लागतात, सत्कार होतात, त्यांची लेक्चरं होतात. जे तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅग भरून गेले आणि आज नीट संसार करतायत ते चहाला येत नाहीत, म्हणून तुम्हाला वाटतं की इथून जाण्याचा एकच रस्ता आहे, पोस्ट काढून. त्यांचे नंबर तुझ्या मोबाईलमध्ये आहेत. तिघांना फोन कर. सल्ला मागू नकोस, फक्त विचार की पहिले सहा महिने कसे गेले.

सरकार तुला थांबवणार नाही हेही धरून चल. राज्यसेवेला खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत बसता येतं, म्हणजे तुझ्यापुढे निदान दहा वर्षं अशीच काढायची सोय सरकारनेच करून ठेवलीये. त्यात २०२५ पासून मेन्स वर्णनात्मक झाली, ऑब्जेक्टिव्हच्या जोरावर घासलेल्या पोरांना लिहिण्याची तयारी नव्याने करावी लागतेय. जो लिहिण्यात मुळातच चांगला आहे त्याने याचा फायदा जरूर घ्यावा. तू आहेस का, हे तुलाच माहीत, ग्रुपला नाही.

मी तुला थांब म्हणत नाहीये, पण खरं सांगू का, तुझं पत्र वाचताना मला वाटलं की तू थांबलायस आणि आता फक्त परवानगी शोधतोयस. मी स्वतः अकरावीला सायन्स घेतलं होतं, का, तर वर्गातल्या चौघी मैत्रिणींनी घेतलं. मला फिजिक्सचा 'फ' कळत नव्हता, दोन वर्षं नुसती रडले आणि त्या चौघींना वाटायचं मी मजेत आहे. बारावीनंतर आर्ट्सला गेले तेव्हा त्यातली एक म्हणाली, अगं मलाही जायचं होतं, तू आधी बोलली असतीस तर!

त्यामुळे क्रम असा ठेव, आधी घरी सांग, मग रूमवर, अभ्यासिकेत सगळ्यात शेवटी. घरच्यांना बाहेरून कळायला नको. पतसंस्थेवाल्यांना जॉइन व्हायची तारीख विचारून घे, तारीख असली की बोलणं सोपं होतं, तारीख नसली की सगळे मिळून तुला समजवतात. नोकरी करत परीक्षा दिलेली पोरंही आहेत, ते दार काही कोणी बंद केलेलं नाही. मधल्या काळात झोप उडाली, मन फारच खाली गेलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिला स्वतःचा मोबाईल हवाय, रोज रडारड. म्हणते वर्गात सगळ्यांकडे आहे, मी एकटीच गावंढळ दिसते. द्यावा का?
– एक बाबा, कोल्हापूर

उत्तर : दादा, 'सगळ्यांकडे' म्हणजे किती ते नावानिशी लिहून काढायला सांगा तिला. बहुतेक सहा-सात नावांनंतर पेन अडेल. ती खोटं बोलत नाहीये, ज्यांच्यासारखं व्हायचंय तेवढेच तिला 'सगळे' वाटतात, आपल्या ऑफिसातही सगळ्यांनी कार घेतलेली असते की.

पण त्या सहा-सातजणी खऱ्या आहेत आणि तुम्ही एकट्याने नाही म्हणालात तर ती खरोखर एकटी पडेल, तिचं रडणं म्हणून खोटं नाही. त्यामुळे हे एकट्याने करूच नका. तुमच्याच शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. भोंगा फक्त एका घरात वाजला असता तर त्या घरातल्या पोराने घर डोक्यावर घेतलं असतं. गावभर वाजतो म्हणून त्यात कोणाला आपलं काही हुकलंय असं वाटत नाही, ऑनलाइन कोणी नसतंच तर हुकणार काय?

तुम्हाला गाव हलवायचं नाहीये, तिच्या दोन-तीन जवळच्या मैत्रिणींचे आईबाबा पुरेत. दहावीपर्यंत स्वतःचा फोन नाही, घरातला एक फोन सगळ्यांसमोर बसून वापरायचा, असं काहीतरी मिळून ठरवा. तुम्हाला ऐकायला मिळेल की अहो आम्ही पण तुमच्या मुलीकडे आहे असं ऐकून देणार होतो. फक्त हे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे टाकलंत की चाळीस अंगठे येतील, दोन हात जोडलेले येतील, एकजण गुड मॉर्निंग टाकेल आणि होणार काहीच नाही. फोन करा, नाहीतर रविवारी जाऊनच या.