'अ स्टडी इन स्कार्लेट' या कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्स कादंबरीतला अमेरिकेचा भाग गाळून वाचला तर चालेल का?

गाळू नका. (खुनी कोण ते पुढे येणार आहे. कादंबरी वाचून झाली नसेल तर इथेच थांबा.)

पहिल्या भागाच्या शेवटी होम्स गाडीवानाला, म्हणजे खुनी जेफरसन होपला, बेड्या घालतो आणि दुसरा भाग उघडतो थेट 1847 सालच्या अमेरिकेतल्या उजाड, खारवट मैदानात. वाचक तिथे गोंधळतोच. पण ती पहिली 5 प्रकरणं काढली तर खुनाच्या कारणाचं काय उरतं? सहाव्या प्रकरणातली जेफरसन होपची कबुली मुख्यतः खून कसे केले याची आहे. का केले, हे तो थोडक्यात उरकतो: खून झालेल्या ड्रेबर आणि स्टँगरसन या दोघांमुळे एक बाप आणि त्याची मुलगी मेली. त्या बापाला, म्हणजे जॉन फेरियरला, मुलीच्या लग्नासाठी दिलेली महिन्याची मुदत, घरात रोज उमटणारा उरलेल्या दिवसांचा आकडा, मुलीचं, म्हणजे होपच्या वाग्दत्त वधू लूसीचं, ड्रेबरशी जबरदस्तीने झालेलं लग्न आणि महिन्याभरात तिचा मृत्यू, हे सगळं त्या प्रकरणांत घडताना दिसतं.

लंडनमधले पुरावेही मग बोलू लागतात. ड्रेबरच्या प्रेताजवळ सापडलेली अंगठी होपने लूसीच्या पार्थिवाच्या बोटातून ओढून काढलेली असते. दोन गोळ्या, एक विषारी आणि एक निरुपद्रवी, आणि आधी निवड बळीची: इतक्या वर्षांनी कुठलंही कोर्ट शिक्षा देणार नाही, म्हणून होप निवाडा देवावर सोडतो. लूसीची ओळख नसेल तर हा नुसता विक्षिप्तपणा वाटतो.

रचनेत दोष आहे, तो मात्र खरा. ही 5 प्रकरणं सांगतंय कोण? वॉटसन नाही आणि होपही नाही, कारण 1847 मध्ये तो तिथे नव्हताच. शिवाय क्लीव्हलँडच्या पोलिसांकडून होपचं नाव कळल्याचं होम्स आपल्याला शेवटच्या प्रकरणात सांगतो, त्यामुळे वाचकाला हेतू ओळखायची संधीच मिळत नाही. 1890 च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये कॉनन डॉयलने हे सुधारलं: 1857 च्या आग्र्याची हकिकत जोनाथन स्मॉल स्वतःच्या तोंडून सांगतो.

यातला इतिहास मात्र खरा धरू नका. कादंबरीतला मॉर्मन या अमेरिकी धर्मपंथाचा तांडा सुमारे 10,000 लोकांचा आहे. 24 जुलै 1847 ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचलेल्या, पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग याच्या पहिल्या तुकडीत 150 माणसंही नव्हती. लिहिताना कॉनन डॉयलने युटा, म्हणजे सॉल्ट लेकचा हा प्रदेश, पाहिलेला नव्हता. तो तिथे गेला 1923 मध्ये.

वाचताना दुसऱ्या भागाचं पाचवं प्रकरण संपलं की पहिल्या भागातलं तिसरं, म्हणजे लॉरिस्टन गार्डन्समधल्या प्रेताचं, पुन्हा वाचा आणि मग सहाव्याकडे वळा.